खिसा नावाचं लेखाशीर्ष

शाळेच्या खर्चाला सरकारदरबारी लेखाशीर्षं असतात. त्यांना लांबलचक क्रमांक असतात, त्यांत तरतूद येते, ती वेळेत खर्च झाली नाही तर परत जाते, आणि परत गेली की कुणाला तरी कारणे दाखवा नोटीस मिळते. पण जून महिन्यात महाराष्ट्रातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा प्रत्यक्षात ज्या लेखाशीर्षावर उघडते, त्याला क्रमांक नाही. ते गुरुजींच्या शर्टाला डाव्या बाजूला शिवलेलं असतं, आणि बाई असतील तर पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात. त्यात तरतूद कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, खर्च कशावर होतो हेही ठाऊक असतं. लेखापरीक्षण मात्र फक्त घरी होतं, तेही किराण्याची यादी हातात असलेल्या व्यक्तीकडून, आणि त्यातले आक्षेप वर्षानुवर्षं निकाली निघत नाहीत.

गुरुजी पदरमोड करून शाळेसाठी वस्तू आणतात यात नवीन काही नाही. वर्तमानपत्रात मात्र ते बातमी म्हणून येतं, सोबत रंगवलेल्या भिंतीपुढे उभं राहून काढलेला फोटो येतो, आणि नावाआधी ‘उपक्रमशील शिक्षक’ असं विशेषण लागतं. माझी तक्रार या विशेषणाबद्दल आहे. ही पदरमोड मनापासून होते, यात शंका घेण्याचं कारण नाही. पण ती कुठेच लिहिली जात नाही, आणि न लिहिलेला खर्च सरकारी हिशेबात झालेलाच नसतो. खर्च झाला नाही, म्हणजे गरज नव्हती. गरज नव्हती, म्हणजे पुढच्या वर्षी तरतूद कशाला? तेव्हा जो शिक्षक जितक्या हौसेने जूनमध्ये वर्ग सजवतो, तितक्याच हौसेने तो आपल्याच शाळेच्या मागणीवर पाणी ओततो. शाळा झकास दिसते, साहेब भेटीला येतात, शेरेबुकात ‘उत्तम’ लिहून जातात, आणि उत्तम चाललेल्या शाळेला पैसे लागतात असं कुणालाच वाटत नाही.

मुळात घोळ पंचांगाचा आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हाच्या कृपेने आणखी थोडी उशिरा. आणि अनुदानाचा पैसा बहुधा अवतरतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे’ या आशीर्वादासह. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथे घोडं आल्यावर वरात पुन्हा काढून दाखवावी लागते. वर्षभर खडूचे तुकडे चिमटीत धरून लिहिलेल्या शाळेत वार्षिक परीक्षेच्या तोंडावर खडूंची खोकी येऊन पडतात. यावर कुणी म्हणेल, मग मार्चचा खडू जूनला वापरा की! खडू काही नासत नाही. मुद्दा बरोबर आहे आणि खडूपुरता मलाही मान्य आहे. पण मार्चमधल्या पैशातून आधी थकलेलं वीजबिल जातं, मग गळक्या छपराचे पत्रे, मग नळाची तोटी. उरलेल्यातून पुढच्या जूनची खरेदी करायची, तर पुढच्या जूनला वर्गात कोण असणार हे मार्चमध्ये ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मेमध्ये बदल्या होतात. चौथीसाठी नकाशे जमवलेले गुरुजी दुसऱ्या तालुक्यात पहिलीला जातात, आणि त्यांच्या जागी आलेल्या बाई कपाट उघडून बघतात तेव्हा त्यात फक्त मागच्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका असतात.

आता अनुदान किती ते पाहू, कारण आकडे बोलके आहेत. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, आणि हजारावर पट असेल तर एक लाख. त्यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. म्हणजे वाडीवरच्या छोट्या शाळेकडे वर्षाला ९,००० रुपये उरतात, महिन्याला ७५०. या साडेसातशेत वीज, इंटरनेट, दुरुस्ती, रजिस्टरं, खडू, डस्टर, झेरॉक्स आणि मुलांसाठी शैक्षणिक साहित्य बसवायचं. या हिशेबात एक मौज लपलेली आहे. तीस मुलांच्या शाळेत एकतिसावं मूल दाखल झालं की अनुदान एकदम १५,००० रुपयांनी वाढतं. जगातल्या कोणत्याही पहिलीच्या मुलाचं दप्तर पाठीवर घेण्याआधी इतकं मोल होत नसेल. म्हणून मे महिन्याच्या उन्हात दाखलपात्र मुलं शोधत वाडीवस्तीवर हिंडणाऱ्या शिक्षकाकडे केवळ ज्ञानदानाची तळमळ म्हणून पाहू नये, त्यात अर्थशास्त्रही आहे. शिवाय पट घसरला की संचमान्यतेत पद उडतं आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. शेजारी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी दारापर्यंत येत असते. तिच्याशी स्पर्धा करायची तर नव्या मुलाला दप्तर, पाटी, कंपासपेटी काहीतरी द्यावं लागतं, आणि ते देण्याचं कलम कुठल्याच अनुदानात नाही. म्हणजे गुरुजी स्वतःच्या पगारातून स्वतःचं पद विकत घेत असतात, हप्त्याहप्त्याने.

मग येतो प्रवेशोत्सव. परिपत्रक सांगतं की पहिल्या दिवशी नवागतांचं स्वागत उत्साहात करावं. प्रभातफेरी काढावी, शाळेला तोरण बांधावं, मुलांचं औक्षण करावं, फुलं द्यावीत, गोड खाऊ द्यावा. अलीकडे सेल्फी पॉइंटही असतो, म्हणजे फ्लेक्सची एक चौकट, जिच्यातून रडणारं मूल बाहेर डोकावतं. काही ठिकाणी सजवलेली बैलगाडी, नाहीतर ट्रॅक्टर. कुंकवाच्या पाण्यात मुलाची पावलं बुडवून कार्डशीटवर ठसे घेतात, ही कल्पना मला खरोखर आवडते. वीस वर्षांनी तो कागद सापडला तर कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. पण कार्डशीट, कुंकू, फुगे, फुलं, पेढे, फ्लेक्स आणि बैलाच्या शिंगांचा रंग यांचं बिल ‘उत्साह’ या सदरात कुणाकडे पाठवायचं? ‘खर्च लोकसहभागातून भागवावा’ ही ओळ वाचली की मुख्याध्यापक स्टाफकडे पाहतात, आणि दोनशिक्षकी शाळेत स्टाफ म्हणजे समोर बसलेली एक व्यक्ती. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारली, तिच्या घरात नक्की कुणीतरी शाळेत नोकरीला असणार. सोहळ्याचे फोटो दुपारपर्यंत केंद्राच्या ग्रुपवर टाकायचे असतात. फोनही गुरुजींचा, नेटपॅकही गुरुजींचा. वर्षभराची ऑनलाइन माहिती, ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’ आणि ‘आजच’ या तीन प्रतींची, याच फोनमधून जाते. तो मोबाइल कुठल्या साठा नोंदवहीत नसला तरी खऱ्या अर्थाने शाळेचाच आहे. गुरुजींना तो रात्री वापरायला मिळतो इतकंच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो चहाच्या टपरीवर सर्वांत मोठ्या आवाजात घेतला जातो. ‘मास्तरांना पगार काय कमी आहेत?’ कमी नाहीत, हे आधीच कबूल करून टाकतो. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर भत्ते. जुन्या शिक्षकाचा पगार गावातल्या बऱ्याच जणांपेक्षा बरा असतो आणि त्याची मोटरसायकल सर्वांना दिसते. पतसंस्थेचा हप्ता दिसत नाही. पण प्रश्न पगार किती हा नाहीच. एसटीच्या कंडक्टरने तिकिटाचा कागद स्वतःच्या पैशाने आणावा असं आपण म्हणत नाही. कोषागारातल्या कारकुनाने शाई घरून आणावी, पोस्टमास्तरने शिक्का स्वतः करून घ्यावा, असंही नाही. (तलाठ्याचं उदाहरण कृपया देऊ नका. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पगार कामाचा असतो, कामाच्या हत्यारांचा नसतो. आणि ज्यांना ‘मास्तर’ म्हणून एकाच माळेत ओवतात त्यांत शिक्षण सेवकही आहेत. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये मानधन होतं. पुढे ते ६,००० झालं, आणि २०२३ मध्ये १६,०००. तीन वर्षं या मानधनावर काढायची, बहुधा स्वतःच्या जिल्ह्यापासून लांब, भाड्याच्या खोलीत. त्याचा जून आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेल्याचा जून एकच असतो. उलट नव्याला हौस अधिक, म्हणून खर्चही अधिक. अंशतः अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचं तर काय बोलावं! वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदानाचे टप्पे पडतात, पण वर्गात जाताना त्यांना वीस टक्के फळा पुसून चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे. टंचाईतच कल्पकता फुलते, चिंचोके आणि गारगोट्यांनी गणित शिकवता येतं, महागडं साहित्य हवंच कशाला? यात तथ्य आहे आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. दहा काड्यांना रबर लावून दशकाचा गठ्ठा करायचा, सुट्या काड्या बाजूला ठेवायच्या, आणि हातच्याची वजाबाकी करताना गठ्ठ्याचं रबर सोडायचं. रबर सुटतं त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही स्मार्ट टीव्हीला जमलेलं नाही. आपल्याकडे शिक्षणाची सुरुवातच काटकसरीतून झालेली आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर बारीक धूळ पसरायची, त्यात बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं, आणि हात फिरवला की पाटी कोरी. खडू नाही, डस्टर नाही, दरपत्रक नाही. पंतोजींनाही पैशापेक्षा धान्य आणि शिधाच जास्त मिळायचा, तेव्हा तिथे दोन्ही बाजूंनी हिशेब सोपा होता.

पण आजच्या काटकसरीचा कच्चा माल फुकट मिळतो, हा समज जरा तपासून पाहायला हवा. उत्तम अक्षरकार्ड कशाचं होतं? लग्नपत्रिकेचं. कागद जाड, पाठ कोरी, आणि पत्रिका मधोमध घडी घातलेली असेल तर एकीत चार कार्डं निघतात. पुढच्या पानावर सोनेरी उठावाचा गणपती असतोच. तो गोल कापला की ‘ग’ तयार, चित्रासह. त्यातले काका-मामांच्या नावांचे रकाने कापताना जरा वाईट वाटतं, पण ‘व्यवस्थापक’ या शब्दातून दोन जोडाक्षरं सुटी करून मिळतात. लग्नसराई मेमध्ये संपते आणि शाळा जूनमध्ये उघडते. निसर्गाने इतकी सोयीची साखळी क्वचितच तयार केली असेल. ती साखळी आता तुटली. लोक पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतात. नवरा-नवरीचे फोटो हलतात, सनई वाजते, पण त्यातून ‘ग’ कापता येत नाही. लग्नाच्या डिजिटायझेशनमुळे पहिलीच्या भाषाशिक्षणाचं किती नुकसान झालं, याचा अभ्यास कुणी केलेला नाही. जुन्या दिनदर्शिकेवर अजून भिस्त आहे. एका पानातून एक ते एकतीसपर्यंत ठसठशीत अंककार्डं मिळतात. बत्तीसपासून पुढे मात्र गुरुजी आणि स्केचपेन.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा तर स्वतंत्र उद्योग झालेला आहे. साहित्य निर्मितीच्या प्रदर्शनात आईस्क्रीमच्या काड्यांचं जे घर ठेवलेलं असतं, त्यातली एकही काडी कुणी आईस्क्रीम खाऊन उरवलेली नसते. त्या काड्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळतात. त्यावर रंग, फेव्हिकॉल, चमकी, खाली थर्माकोल. टाकाऊ म्हणून त्यात काही असेलच तर थर्माकोल ज्या खोक्यातून आला ते खोकं, आणि तेही दुकानदाराने मोजून घेतलेलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा हिशेब. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात डोकवा. काउंटरपाशी एक गृहस्थ पाकिटाच्या पाठीवर लिहिलेली यादी वाचत असतात. कार्डशीट एक डझन, पांढरे चालतील, रंगीत महाग पडतात. स्केचपेनचा सेट, पण त्यातला काळा चालतो का ते बघून द्या. जाड दोरा. सेलोटेप मोठी. फुगे. दोन वह्या जास्तीच्या, कारण दोन मुलं वहीशिवाय येणार हे त्यांना पहिल्या दिवसाआधीच माहीत असतं. दुकानदार कॅल्क्युलेटर बडवतो, वरचे सात रुपये सोडतो आणि विचारतो, ‘बिल करू का, सर?’ सर हसतात आणि म्हणतात, ‘राहू द्या, कुणाला दाखवायचंय?’ माझा सगळा वाद या एका वाक्याशी आहे.

लोकवर्गणी आहे की, असं म्हणणाऱ्यांना एक बारीकशी अडचण सांगायला हवी. ‘शैक्षणिक उठाव’ या भारदस्त नावाखाली गावाकडून शाळेला मदत मिळते आणि काही गावांनी त्यातून शाळांचं खरंच सोनं केलं आहे. पण दात्याला वस्तूवर नाव हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून शाळेत पंखा येतो, त्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव असतं. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून तो पाहुणे आले की बंद करतात. भिंतीवरचं घड्याळ कुणाच्या तरी स्मरणार्थ असतं. कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, ध्वजस्तंभाच्या कठड्यावर, सगळीकडे कै. असतात. खडूवर मात्र नाव लिहिता येत नाही. डिंकाच्या बाटलीला कुणाचं स्मारक करता येत नाही. झेरॉक्सचे पैसे वडिलांच्या पुण्यतिथीला देणारा सुपुत्र अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे जे टिकतं ते गाव देतं, जे मोठं असतं ते कधीतरी सरकार देतं, आणि जे रोज संपतं ते गुरुजी आणतात. शाळा चालते ती मात्र या रोज संपणाऱ्या वस्तूंवरच.

आता सर्वांत अवघड आक्षेप, कारण त्याच्यापुढे मान आपोआप झुकते. शिक्षकी हा धंदा नाही, व्रत आहे. रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, आणि तुम्ही कार्डशीटचा हिशेब मागता? या प्रश्नाला उत्तर देताना आवाज खाली येतो, पण उत्तर आहे. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. रयत शिक्षण संस्था ज्या त्यागावर उभी राहिली तो त्याग संस्था उभी राहावी म्हणून होता, दरवर्षी १५ जूनला नव्याने करायची ती तरतूद नव्हती. आणि ज्यांच्या नावाने आपण व्रताच्या गोष्टी सांगतो त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा त्यागाचं गुणगान करत बसले नाहीत. त्यांनी रोकडा आकडा सांगितला. प्राथमिक शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा. ज्यांनी स्वतः पदराला खार लावून शाळा चालवल्या होत्या ते म्हणत होते की हे सरकारने करायचं काम आहे. सरकारलाही हे एकेकाळी पटलेलं होतं. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याचा संच देण्याचं ठरलं होतं. खडू आणि फळा यांच्या नावाने राष्ट्रीय मोहीम निघाली होती, हे आजच्या शिक्षकाला परीकथेसारखं वाटेल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत तर प्रत्येक वर्गाला गरजेनुसार अध्यापन साहित्य पुरवलं जाईल असं २००९ पासून छापलेलं आहे. वर्गाची गरज भागवणाऱ्या गुरुजींनीही ते वाचलेलं असतं, टीईटीच्या अभ्यासाला.

तरीही सगळा दोष वरच्यांवर टाकून मोकळं होता येत नाही. कारण पैसा हातात आला तरी अनेक शिक्षक खिशातूनच खर्च करणं पसंत करतात, आणि त्यामागचं कारण फार शहाणपणाचं आहे. अनुदानातून आणलेली वस्तू नोंदवहीत चढते. नोंदवहीत चढली की ती तपासणीला दाखवावी लागते. दाखवायची तर ती शाबूत हवी, शाबूत हवी तर मुलांच्या हाती लागता कामा नये. म्हणून पृथ्वीचा गोल कपाटात असतो, कपाटाला कुलूप असतं, आणि मुलं भूगोल शिकताना डाळिंब हातात घेतात. गुरुजींनी स्वतःच्या पैशाने आणलेले मणी मात्र खुशाल सांडतात, हरवतात, एखादा नाकात जातो, आणि कुणी जाब विचारत नाही. शिवाय किती रकमेपर्यंत दरपत्रकं लागत नाहीत याबद्दल प्रत्येक तालुक्यात वेगवेगळी श्रद्धा आहे. दोन पाकिटं स्केचपेनसाठी समितीचा ठराव, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, धनादेश आणि दोन सह्या करायच्या, की सरळ खिशात हात घालायचा? कुणीही दुसरंच करील. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये शिक्षक अनुदान मिळायचं. रक्कम किरकोळ होती, तिचाही हिशेब द्यावा लागे, आणि स्टाफरूममध्ये तिची भरपूर टिंगल झाली. पण ती शिक्षकाच्या नावाची होती. काय आणायचं हे ज्याला शिकवायचं आहे त्याने ठरवायचं, ही त्यामागची कल्पना होती, आणि आजच्या सगळ्या योजनांत ती शोधून सापडत नाही.

हा आपल्याच मातीचा गुण आहे असं समजून कुणी खिन्न होऊ नये. अमेरिकेत २०१४-१५ च्या सरकारी पाहणीत सार्वजनिक शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी स्वतःचे पैसे घातल्याचं आढळलं, खर्च करणाऱ्यांची सरासरी ४७९ डॉलर. म्हणजे श्रीमंत देशातले गुरुजीही घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतात. पण फरक पाहा. तिथे हा आकडा उपलब्ध आहे. कुणीतरी विचारलं, कुणीतरी लिहिलं, बेरीज झाली. आणि तिथल्या आयकर कायद्यात शिक्षकाच्या अशा खर्चाला २००२ पासून वजावट आहे, आधी २५० डॉलर, २०२२ मध्ये ३००. खर्चाच्या मानाने ती तुटपुंजीच, पण सरकारने निदान कागदावर मान्य केलं की हा खर्च होतो. आपल्याकडे लाखो शिक्षक जूनमध्ये खिशात हात घालतात आणि त्याची बेरीज शून्य येते, कारण मांडणीच केलेली नाही.

तेव्हा शिक्षकांनी पदरमोड बंद करावी, असं मी सुचवत नाही. सुचवलं तरी कुणी ऐकणार नाही. पहिलीतलं मूल पाटीशिवाय समोर बसलं की अर्थशास्त्र आठवत नाही. माझी सूचना फार छोटी आणि बरीच रुक्ष आहे. शाळेत शैक्षणिक उठावाची नोंदवही असते. तिच्यात घड्याळवाल्याचं नाव आहे, पंखेवाल्याचं आहे, पण शाळेच्या सर्वांत नियमित दात्याचं नाव नाही. ते लिहावं. ‘श्री. अमुक, सहशिक्षक, कार्डशीट, स्केचपेन, दोरा, फुगे, वह्या दोन’, पुढे रक्कम, खाली सही. शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैच्या बैठकीत ते वाचून दाखवावं आणि इतिवृत्तात घ्यावं. बैठकीत कुणीतरी विचारेल, ‘हे सर का देताहेत?’ हा प्रश्न गावात एकदा विचारला गेला पाहिजे. मार्चमध्ये अनुदान आलं की हीच यादी पुढच्या वर्षाची मागणी म्हणून वर पाठवता येते, आणि ‘गरज नव्हती’ म्हणण्याची सोय तेवढी कमी होते. यात धोका आहे हेही सांगून ठेवतो. लिहिलेल्या खर्चाबद्दल विचारणा होऊ शकते, ‘शासनाची परवानगी न घेता देणगी का दिली’ असं पत्र येऊ शकतं, हात दाखवून अवलक्षण होऊ शकतं. पण पत्र आलं तर तो कागद आहे. खर्च झाला याचा तो शासनाच्याच शिक्क्याचा पुरावा, जावक क्रमांकासह.

म्हणून या जूनला दुकानदाराने ‘बिल करू का, सर?’ असं विचारलं तर हो म्हणा. बिल शाळेच्या नावाने करायला सांगा, एक झेरॉक्स मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय आपल्याकडे कागद कुणी वाचत नाही, हे शिक्षकांना मी वेगळं सांगायला नको.